विदुराने न सांगितलेली गोष्ट



आज सकाळच्या वाचनात भागवताच्या पहिल्या स्कंधातला तेरावा अध्याय आला. विदुर तीर्थयात्रा करून हस्तिनापुरास परत येतो, तो प्रसंग. अपमान होऊन घर सोडलेला माणूस, वर्षानुवर्षं तीर्थं फिरून, युद्ध संपल्यावर परत आला आहे. धर्मराज पुढे होऊन त्याचे स्वागत करतात. तुमच्यासारखी माणसं गेल्याने तीर्थांनाच तीर्थपण येते, असे ते त्याला म्हणतात. मग कुठेकुठे गेलात, काय पाहिलेत, यादव कसे आहेत, अशी चौकशी होते. विदुर सगळे क्रमाने सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाही. यादवकुळाचा नाश झाल्याचे त्याला कळलेले असते. पांडवांचे दुःख आपल्याला बघवणार नाही म्हणून तो तेवढे पोटात ठेवतो.

हा अध्याय मी पूर्वी अनेकदा वाचला असेल. तीर्थाला तीर्थपण येते, एवढेच लक्षात राहायचे, कारण ते ऐकायला बरे वाटते. आपणही चार ठिकाणी जाऊन आलेलो असतो ना! आज पहिल्यांदाच त्या न सांगितलेल्या गोष्टीपाशी अडकलो. पोथी तशीच उघडी ठेवून बराच वेळ बसलो. का अडकलो, ते आज सांगून टाकतो.

आमच्या सोनपेठहून एका बाजूला परळी, दुसऱ्या बाजूला गंगाखेड. एकीकडे ज्योतिर्लिंग, दुसरीकडे गोदावरी आणि जनाबाईचं गाव. त्यामुळे यात्रा म्हणजे मुद्दाम करायची गोष्ट, असं लहानपणी वाटलंच नाही. सोमवारी वैजनाथ, आणि घरात कोणी गेलं की गंगाखेड. गंगेवर जाणं म्हणजे आमच्याकडं गंगाखेडला जाणं. काशीची गंगा ती लांबची, आमची ही.

2009 साली आण्णा गेले. दहाव्याला आम्ही भाऊ गंगाखेडच्या घाटावर होतो. डोकी भादरलेली, अंगावर ओलं धोतर, बोटात दर्भाची पवित्रकं. पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको, त्या अर्ध्या तासात माणूस काय काय कबूल करतो. बहिणीच्या लग्नाचं, वाटणीचं, राहून गेलेल्या दवाखान्याचं. मी हात जोडून मनातल्या मनात आण्णांशी बोलत होतो, आणि समोर दहा हातांवर एक पोरगा मोठा कॅमेरा घेऊन उकिडवा बसला होता. शहरातून आला असावा, बोलण्यावरून तरी वाटलं. खटखट फोटो काढत होता. वर म्हणाला, "काका, जरा नदीकडं बघा ना."

माझा धाकटा भाऊ उठला. "काय तमाशा लावलाय का रे इथं? कशाला फोटो काढायलास?" पोरगा घाबरून निघून गेला. माझ्या मनात मात्र ते वर्षानुवर्षं राहिलं. माझा बाप गेला होता आणि त्याला नदीवरचा उजेड हवा होता.

आता दुसरी गोष्ट. माझा एक भाचा ऑस्ट्रेलियात असतो. 2019 साली तो तिथल्या उलुरू नावाच्या डोंगराला गेला होता. वाळवंटाच्या मधोमध एकच तांबडा प्रचंड खडक, आजूबाजूच्या जमिनीपासून 348 मीटर उंच. तिथल्या अनंगू लोकांचं ते पवित्र स्थान. 1985 साली 26 ऑक्टोबरला ती जमीन सरकारने त्यांना परत दिली, तरी बाहेरून येणारे लोक त्यावर चढतच राहिले. पायथ्याशी अनंगूंनी पाटी लावली होती, कृपा करून चढू नका. मनाई नव्हती, विनंती होती. विनंतीला कोण विचारतो? शेवटी 2019 मध्ये त्याच तारखेला, 26 ऑक्टोबरला, चढाई कायमची बंद झाली. बंद होणार म्हटल्यावर त्याआधीचे काही महिने तर चढणाऱ्यांची रांगच लागली होती. भाचा त्याच दिवसांत गेला होता. तो चढला नाही. मी फोनवर विचारलं, "एवढ्या लांब गेलास आणि वर नाही गेलास?" तो म्हणाला, "मामा, कैलासावर कुणी चढतं का? आपणही प्रदक्षिणाच घालतो."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. पुढं महिनाभर मी ही गोष्ट येईल त्याला सांगत होतो. दुकानात कापड फाडता फाडतासुद्धा सांगितली.

आणि 2023 च्या मार्चमध्ये मी काय केलं, ते ऐका.

आमच्या भागातून काशी-नेपाळ यात्रेच्या बस निघतात. आचारी बरोबर, टपावर भांडी, सकाळी रस्त्याच्या कडेला चहा. काशी, गया, अयोध्या करत गोरखपूरवरून सोनौलीला हद्द ओलांडायची, मग पोखरा आणि काठमांडू. आम्ही दोघं नवरा-बायको अशा बसने गेलो होतो. पशुपतिनाथाच्या दारात गेलो तेव्हा तिथं काही गोरे पर्यटक थांबलेले होते. मुख्य मंदिरात फक्त हिंदूंनाच सोडतात. आम्ही त्यांच्यासमोरून आत गेलो, आणि खरं सांगतो, मनात जरा फुशारकी आली. हे बघे, आपण भक्त. पंढरीत चोखोबांना दाराबाहेरच राहावं लागलं, त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराच्या पायथ्याशी. ते दार सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हे दोन्ही मी दरवर्षी आषाढीला लोकांना सांगत असतो. त्या दारात त्यातलं काही आठवलं नाही. आत सोडलं याचाच आनंद.

आत फोटोला बंदी आहे, ती आम्ही पाळली. दर्शन झालं. बाहेर येऊन बागमतीवरच्या पुलावर उभे राहिलो. खाली आर्यघाट. एक चिता पेटलेली, दुसरीची तयारी चाललेली. समोरच्या काठावर पायऱ्यांवर पर्यटक ओळीनं बसलेले, जसे आपण तमाशाच्या तंबूत बसावे. मी खिशातून मोबाईल काढला. का काढला, याला आजही माझ्यापाशी धड उत्तर नाही. सगळे काढत होते. धूर सुंदर दिसत होता. गावाकडं दाखवता येईल असं वाटलं असेल. मी दोन बोटांनी चित्र जवळ ओढलं आणि टिचकी मारली.

चित्रात एक माणूस आला. नुकतंच डोकं भादरलेलं, पांढरं वस्त्र, उघडे खांदे. वर बघत होता. माझ्याकडंच बघत होता की नुसता वर, सांगता येणार नाही.

बायको शेजारी होती. एवढंच म्हणाली, "ठेवा की तो मोबाईल. आण्णांच्या वेळचं विसरलात का?"

मंडळी, मला त्या पोराचं "जरा नदीकडं बघा ना" तिथं ऐकू आलं. चौदा वर्षं मी त्याला मनात शिव्या देत होतो. तो निदान माझ्यासमोर बसला होता, मला हाक मारून बोलला होता. मी पुलावरून, वरून, चोरून. नुकतंच देवाचं दर्शन घेतलेल्या डोळ्यांनी.

यावर लोक म्हणतील, आणि आमच्या कट्ट्यावर एकानं म्हटलंही, की मग जाऊच नका. देव घरी नाही का? हे उत्तर मला सोपं वाटतं. भक्तविजयात महिपतींनी नामदेवांची जी गोष्ट सांगितली आहे ती आपल्या औंढ्याचीच. औंढा नागनाथ आता हिंगोली जिल्ह्यात गेलं, 1999 पर्यंत आपल्याच परभणीत होतं. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांना नामदेव बोलतात, आणि ते म्हणतात, जिथं देव नसेल तिकडं माझे पाय वळव. शीख बांधव गुरू नानकांची अशीच गोष्ट सांगतात. तिथं गाव मक्का आणि पाय काब्याकडं. दोन्ही गोष्टी ऐकून आपण मान डोलावतो की देव सर्वत्र आहे. पण पुढचं बघत नाही. हे ऐकल्यावर नामदेव घरी बसले का? ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. नानकही आयुष्यभर चालत राहिले. देव सगळीकडं आहे हे ज्यांना कळलं तेच सगळ्यात जास्त फिरले. त्यांना देव शोधायचा नव्हता, तर मला वाटतं ते माणसांकडं जात असतील. नामदेवांची वाणी गुरुग्रंथसाहिबात आहे. घुमानकडच्या माणसांनी ती आपली म्हणून सांभाळली. पाहुणा म्हणून गेलेला माणूस घरचा झाला, तो असा.

म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कॅमेराच वाईट, असंही नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी करत पंढरीला जाते तेव्हा वाटेत किती फोटो निघतात, आणि वारकरी स्वतःहून उभे राहतात, "पाठवा बरं का माझ्या नंबरवर" म्हणतात. आनंदाचा फोटो मागून मिळतो. दुःखाचा मागताच येत नाही, म्हणून तो चोरावा लागतो. माझ्या पुलावर हेच झालं.

नांदेडला मात्र मला असं कधी होत नाही, हे नंतर लक्षात आलं. गंगाखेडला रेल्वेत बसलं की परभणी, पूर्णा करत नांदेड. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला ते हजूर साहिब. तिथं परका माणूसही दारात पाय धुतो, डोक्याला रुमाल बांधतो, आत जातो. कुणी तुझा धर्म कोणता विचारत नाही. आणि मग लंगरमध्ये पंगतीत खाली बसवतात, हातात थाळी. दोन्ही हात पुढं करून पोळी घ्यायची असते. आता फोटो कशानं काढणार? हात रिकामेच नसतात.

काठमांडूचा तो फोटो मी त्याच रात्री धर्मशाळेत काढून टाकला. पण आजकालचे मोबाईल मोठे चिवट. टाकलेलं तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात जपून ठेवतात. घरी आल्यावर नातू म्हणाला, आजोबा, नेपाळचे सगळे फोटो दाखवा. सगळे दाखवले. पोखऱ्याचं तळं, बसचा आचारी, आजी नेपाळी टोपी घालून. तो फोटो तेव्हा आतच होता. नंतरही मी दोनदा उघडून पाहिला, तेही सांगून टाकतो. तो माणूस वरच बघत होता. एकतिसाव्या दिवशी डबा उघडला तर काही नव्हतं.

विदुराने जे पोटात ठेवलं ते समोरच्याच्या दुःखाची जाण ठेवून. मी ठेवलं ते लाजेनं. दोन्ही एक नव्हे, हे मला कळतं. तरी धर्मराजांनी विदुराला जे म्हटलं त्याचा अर्थ आता मला थोडा वेगळा लागतो. माझ्या येण्यानं ती जागा वाढली की तिथून काही कमी झालं, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. पशुपतिनाथाला त्या दिवशी एका माणसाचं एकांतपण कमी झालं, आणि ते मी नेलं.

मागच्या अमावास्येला शेजाऱ्यांच्या घरच्या दहाव्याला गंगाखेडला गेलो होतो. त्यांचा पाहुणा म्हणून पुण्याकडचा एक पोरगा आलेला, वीस-बावीसचा. त्यानं घाट पहिल्यांदाच बघितला असावा. मोबाईल हातात घेऊन कडेला उभा होता, काय करावं त्याला सुचत नव्हतं. मी त्याला हाक मारली. म्हटलं, "बाळ, इकडं ये. धर हा तांब्या, काकांच्या हातावर पाणी सोडायचंय."

त्यानं मोबाईल खिशात घातला आणि दोन्ही हातांनी तांब्या धरला.

राम कृष्ण हरी.