अठ्ठेचाळीस तासांचे मौन

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२६ वे कलम, आम्हां सरकारी नोकरांपैकी ज्यांनी निवडणुकीचे काम केले आहे, त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास सभा नको, मिरवणूक नको, हे त्यात आहेच. पण लोकांना जमवण्यासाठी संगीताची मैफल, नाट्यप्रयोग किंवा अन्य करमणूक योजून प्रचार करण्यासही या अवधीत मनाई आहे. मत देण्यापूर्वी माणसाला दोन दिवस तरी खेळापासून दूर ठेवले पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. उरलेल्या दिवसांचे काय, हे मात्र त्यांनी आपल्यावर सोपवले.

त्या दिवसांत काय चालते ते आपण पाहतोच. नट येतात, गायक येतात. २०१४ साली तर प्रकाशाच्या किमयेने एकच नेता एकाच वेळी अनेक गावांतील व्यासपीठांवर उभा असलेला लोकांनी पाहिला. सभेहून परतणारा माणूस 'काय म्हणाले?' या प्रश्नाला 'मजा आली' असे उत्तर देतो, आणि विचारणाऱ्याचेही तेवढ्याने समाधान होते.

परंतु रंजनालाच दोषी ठरवणे आम्हांला उतावळेपणाचे वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारून माणसे जमवली. अत्र्यांच्या सभांत तर हास्याचा कल्लोळ उठे. पण माणूस हसून घरी निघाला तरी मुंबईची मागणी त्याच्याबरोबर घरी जाई, आणि १ मे १९६० पर्यंत तिने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. करमणुकीचा हिशेब जागच्या जागी मिटतो: तिकीट काढले, खेळ पाहिला, देणेघेणे संपले. नेतृत्व हे मात्र उघडे खाते आहे. ज्या रंजनाने ते खाते उघडते त्याला आमची हरकत नाही. ज्याने ते उघडण्यापूर्वीच फिटल्यासारखे वाटते, त्याला आहे.

नट राजकारणात आला म्हणजे सारे बिघडले, हा सुशिक्षितांचा आवडता समजही या कसोटीवर टिकत नाही. मार्च १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला, 'चैतन्य रथम' नावाच्या गाडीतून आंध्र पालथा घातला आणि जानेवारी १९८३ मध्ये सत्ता मिळवली. पडद्यावरचा कृष्ण गावात आला म्हणून गर्दी लोटली, हे खरेच. पण त्या गर्दीला त्यांनी दोन रुपये किलो तांदळाचे वचन दिले होते. ते पाळले की नाही, हे एखाद्या निरक्षर बाईलाही रेशनच्या दुकानात उभे राहून पडताळता येत होते.

याउलट १९८४ ची अलाहाबादची, म्हणजे आताच्या प्रयागराजची, निवडणूक घ्या. हेमवतीनंदन बहुगुणा हे उत्तर प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री, केंद्रातही मंत्री राहिलेले. त्यांच्यासमोर अमिताभ बच्चन उभे राहिले आणि लाखाहून कितीतरी अधिक मतांनी जिंकले. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीचा वाटा त्यात मोठा होता, हे विसरू नये. पण तेथील जुने लोक आजही सांगतात ते दर्शनासाठी उसळलेल्या गर्दीविषयीच. १९८७ मध्ये बच्चन यांनी राजीनामा दिला. त्यामागील वादाशी येथे कर्तव्य नाही. आमचा प्रश्न मतदाराविषयी आहे. ज्याच्याकडे दर्शनाखेरीज काही मागितलेच नव्हते, त्याला पुढे जाब तरी कोणत्या तोंडाने विचारायचा?

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोह अधिक. सभेची भाषा अर्धवट कळते. पुरता कळतो तो थाट. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी प्रचारात भाग घेण्यास मज्जाव केला आहे, व तो योग्यच आहे. राहतो तेथे नाव नोंदवता येत असूनही पुष्कळांचे नाव गावाकडच्याच यादीत राहते, आणि मतदानासाठी जाणे काही होत नाही. मग डब्याच्या सुट्टीत 'कोण जिंकणार' एवढीच चर्चा उरते, क्रिकेटच्या सामन्यासारखी. वस्तुतः त्याच नियमांनी आपला मताचा हक्क शाबूत ठेवला आहे. फक्त ते कोणाला दिले हे सांगायचे नाही. इतक्या गदारोळात कोणाला न दाखवता करायची अशी ही एकच गोष्ट असावी.

प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र आता निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येते: मालमत्ता, देणी, शिक्षण, फौजदारी खटले. वाचन कंटाळवाणे आहे खरे. पण फायली वाचण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या आम्हां मंडळींनी कंटाळ्याची सबब सांगावी, हे काही पटत नाही.