देव नसलेली देवराई

बीड शहराजवळ पालवणच्या डोंगरावर १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी एक संमेलन भरले होते. अध्यक्षस्थानी वड होता. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने या उजाड माळावर 'सह्याद्री देवराई' उभी राहत होती आणि वृक्षसंमेलन तिथेच झाले. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दरवर्षी रंगणारे राजकारण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना झाडाला अध्यक्ष करण्यातला शहाणपणा लगेच पटेल. वडाला गटबाजी जमत नाही आणि त्याचे भाषणही लांबत नाही.

थट्टा सोडली तरी एक प्रश्न उरतो. सह्याद्रीतल्या जुन्या देवराया टिकल्या त्या देवाच्या धाकाने. फांदी तोडली तर देवी कोपेल, वाळलेले लाकूडही उचलायचे तर आधी कौल लावावा लागेल, अशी ती व्यवस्था होती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या धाकाला अंधश्रद्धा म्हणून झटकून न टाकता त्याने काय राखले ते पाहिले. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना देवाच्या नावाने सोडलेल्या तुकड्यांत जुनी झाडे आणि वेली शिल्लक होत्या. पालवणच्या देवराईत मात्र कोणी देव नाही. कोप होण्याची सोय नाही. मग तिथे कुऱ्हाड कशाने थांबायची?

शिक्षणाने, असे आपण चटकन म्हणतो. राज्यघटनेच्या ५१ (क) कलमात नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी आहे. ती १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. तीत निसर्गाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये शेजारीशेजारी बसली आहेत. पुढे १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. शाळांनी या जोडीतले पहिले कर्तव्य उचलले आणि दुसऱ्याला बाहेरच उभे केले. प्रभातफेरी निघाली, घोषणा झाल्या, रोप लावताना फोटो निघाला, पाणी वाचवण्याची शपथ झाली. देवाच्या धाकाची जागा शपथेने घेतली, एवढाच काय तो बदल. धाक निदान मनात राहायचा. शपथ परिपाठ संपेपर्यंत टिकते.

बीडमध्ये तर या शपथेला एक विचित्र चव येते. दसरा-दिवाळीनंतर इथल्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयत्याबरोबर पोरेही जातात. जी मागे राहतात ती आजी-आजोबांकडे किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे की महाराष्ट्रात लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो. हा ऊस जिचे आईबाप तोडतात, ती पोरगी उन्हाळ्यात टँकरपुढे घागर घेऊन रांगेत उभी असते. तिच्याकडून 'मी पाण्याचा अपव्यय करणार नाही' असे वदवून घेणे यात नीतीचे शिक्षण कमी आणि निर्लज्जपणा जास्त आहे. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. त्या तुटीत तिच्या घागरीचा वाटा किती होता?

हा हिशेब तिला मांडता यावा, यासाठी शास्त्रज्ञ हवा. तो छापील धड्यात नको, समोर हवा, उलट विचारता येईल असा.

अर्थात शास्त्रज्ञ गावात येणे एवढ्याने काही होत नाही. सप्ताहाला नामवंत कीर्तनकार येतात, लोक पाया पडतात, महाराज गाडीत बसून पुढच्या गावाला जातात. शास्त्रज्ञाचेही तेच होऊ शकते: हार, शाल, श्रीफळ, 'मुलांनो, मोठे व्हा', आणि सेल्फी. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना हा धोका नेमका कळला होता. मुले सहीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल, असे सांगत. आणि उत्तरे खरोखर लिहीत. दर्शनाला आलेल्या मुलाला त्यांनी विचारणारा करून परत पाठवले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, त्यांतही प्रश्नांना जागा होती. मधुकर देशपांडे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली विज्ञानवाहिनीची फिरती प्रयोगशाळा तर थेट खेड्यातल्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहू लागली.

इथे एक जुना वाद आडवा येतो. मुलगा शास्त्रज्ञावर विश्वास ठेवतो आणि त्याचा बाप जमिनीतले पाणी सांगणाऱ्या पाणाड्यावर. दोघेही दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबतात, मग फरक काय? न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले, पण तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात पुढे जाऊन म्हटले की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. म्हणजे अधिकार जन्मावरून, वेशावरून किंवा पदवीवरून येत नाही. दीड हजार वर्षांहून जुने हे वाक्य पांढऱ्या कोटालाही तितकेच लागू आहे.

पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे बोअर. भूजलशास्त्रज्ञाने त्याला हसावे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. त्यापेक्षा मुलांना घेऊन गावातल्या विहिरीवर जावे. बीडच्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो अखंड असेल तर पाणी जवळजवळ धरतच नाही. धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातल्या भेगा. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची कोरडी. अशा जमिनीत पाणाड्याचे अंदाज अधूनमधून बरोबर येणारच, आणि बरोबर आलेलेच लोकांच्या लक्षात राहतात. चुकलेल्या बोअरची गोष्ट पारावर कोण सांगतो? मुलांनी गावातले सगळे बोअर मोजावेत: किती नारळावर घेतले, किती विचार करून, किती लागले, किती कोरडे गेले. उत्तर काय येईल ते शास्त्रज्ञानेही आधी सांगू नये. पाणाड्याला शेतातल्या झाडोऱ्यावरून, मातीच्या रंगावरून काही कळत असेल, तर तेवढ्यापुरता तोही आप्त ठरेल, आणि ते मान्य करण्याची तयारी पाहुण्याकडे असायला हवी.

बीडकरांकडे याहून मोठी प्रयोगशाळा आहे. शहराबाहेरची खजाना विहीर सोळाव्या शतकात मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव घेतले जाते. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही अशी तिची ख्याती, आणि ती ऐकवताना आवाजात थोडे नवल आणि थोडा अभिमान असतो. पण ती चमत्कार म्हणून दाखवली की मूल मान वर करून पाहते आणि घरी जाते. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आत येते, दुसऱ्या बोगद्यातून उताराने, कोणी न उपसता, शेतांकडे जाते, असे सांगितले की प्रश्न सुचू लागतात. उतार किती ठेवला असेल? त्या काळी तो मोजला कशाने? वरच्या बाजूला आज शेकडो बोअर झाले तर विहिरीचे काय होईल? शेवटचा प्रश्न इतिहासाचा नाही, पुढच्या वर्षीचा आहे.

गाडगीळांनी हीच गोष्ट शालेय धोरणाच्या पातळीवर मांडली होती. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने परिसर आणि शिक्षण या विषयावर नेमलेल्या गटाचे ते अध्यक्ष होते. मुलांनी आपल्याच परिसराची माहिती गोळा करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी, असा त्यांचा आग्रह. १९९३पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदही दहा ते सतरा वयाच्या मुलांना स्थानिक प्रश्न घेऊन प्रकल्प करायला सांगते. कागदावर सगळे आहे. अडचण वेगळीच आहे: अशी माहिती निरुपद्रवी राहत नाही. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले. सातवीच्या मुलीने बोअरची खोली फुटांत लिहून आणली आणि पाहुण्यांना विचारले की हे चालते का, तर मंचावरच्या निम्म्या खुर्च्या अस्वस्थ होतील. तिच्या स्वतःच्या चुलत्याचाही बोअर त्या यादीत असेल. देवराईतला धाक बाहेरून येत होता आणि सगळ्यांना सारखा होता; हा प्रश्न आतून येतो आणि विचारणाऱ्यालाच आधी टोचतो. म्हणून तो शपथेपेक्षा अवघड, आणि म्हणूनच तो विचारताना तिच्या बाजूला उभा राहील असा एक मोठा माणूस लागतो. व्हिडिओ कॉलवर आलेला असला तरी चालेल, पण पुढच्या महिन्यात पुन्हा येणारा हवा.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. बीडच्या शाळांनी हेच वेळापत्रक उचलले, तर ऑक्टोबरची नोंद सगळा वर्ग मिळून घेऊ शकेल, कारण टोळ्या अजून निघायच्या असतात. जानेवारी आणि मार्चला टेप हंगामी वसतिगृहातल्या मुलांच्या हातात राहील. मे महिन्यात शाळेला सुटी असते, विहिरीला नसते. तोवर गेलेली मुले परतलेली असतात आणि ऑक्टोबरचा आकडा त्यांच्याच अक्षरात वहीत असतो. दोन आकड्यांतला फरक मीटरमध्ये काढायचा आणि तो यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला पाठवायचा, खाली एक प्रश्न लिहून.