पसंतीचा क्रमांक, जोखमीची वाट

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राज्य सरकारने पसंतीच्या वाहन क्रमांकांचे दर वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या मागणीच्या ठिकाणी आता चार लाखांऐवजी सहा लाख रुपये मोजावे लागतात. इतर जिल्ह्यांत तीन लाखांचे पाच लाख झाले. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला ०००१ घ्यायचा तर मुंबई-पुण्यात रक्कम अठरा लाखांवर जाते. कुणाला जन्मतारीख हवी असते, कुणाला बेरीज नऊ येणारा आकडा, कुणाला ‘दादा’ असा वाचता येणारा ४१४१. ही हौस कुणाचे वाईट करत नाही आणि सरकारने तिचे मोल घ्यावे यातही गैर काही नाही. प्रश्न पुढचा आहे. राज्यघटनेच्या २६६ व्या कलमानुसार राज्याचा महसूल एकत्रित निधीत जातो, आणि तिथे गेलेल्या रुपयाला ओळख उरत नाही. तो पगारात गेला, कर्जाच्या व्याजात गेला की पुलाच्या कठड्यात, हे कुणी सांगू शकत नाही. माझे म्हणणे असे की या एका शुल्काची ओळख पुसू नये. ते लोकांच्या जिवाच्या सुरक्षेसाठी बाजूला ठेवावे आणि वाटताना कुठे किती गाड्यांची नोंदणी झाली हे न पाहता, कुठे माणसाच्या जिवाला किती धोका आहे हे पाहावे.

अमेरिकेत हा विचार जुना आहे. कॅलिफोर्नियाने १९७० पासून मनपसंत अक्षर-आकड्यांच्या पाट्यांचे शुल्क पर्यावरणाच्या कामासाठी वेगळे ठेवले. फ्लोरिडाने १९९० च्या सुमारास तिथल्या दुर्मीळ पँथरचे चित्र असलेली पाटी काढली आणि तिचे जादा शुल्क त्याच प्राण्याच्या अभ्यासाला व रक्षणाला लावले. चित्रांच्या पाट्या आपल्याकडे आणाव्यात असे मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकसारखी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे आणि पळून जाणारी गाडी ओळखायची असेल तर पाटी एकसारखी असलीच पाहिजे. आपल्याला पाटी बदलायची गरजच नाही. शुल्क घेण्याची व्यवस्था तयार आहे, फक्त ते जमा होण्याचे ठिकाण बदलायचे आहे.

पैसा धोका पाहून वाटायचा तर आधी चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे पाहावे; या दोन जिल्ह्यांत सुरक्षा हा शब्द शहरापेक्षा फार रुंद होतो. मुंबईत तो सिग्नलशी, हेल्मेटशी, फुटपाथशी जोडलेला असतो. इथे तो पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो, तेव्हा घरातली धडधाकट माणसे उजाडायच्या आत जंगलात शिरतात. पान तोडताना ती वाकलेली असतात, नजर खाली असते आणि वाघाच्या डोळ्यांना वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ‘सीटी-१’ या वाघाने चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसे मारली, मग ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पकडले गेले. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून धानाच्या बांधीवर रात्री जागणाऱ्याला आणखी एक भीती आहे. रस्त्यांचा धोका निराळा. सुरजागडचे लोहखनिज घेऊन ट्रक एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या वाटेने धावतात, त्याच रस्त्यावर शाळेची सायकल असते, बैलबंडी असते, तिघांना घेतलेली मोटारसायकल असते. अपघात झालाच तर पहिला तास रस्त्यातच संपतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, मग रुग्णवाहिका असून नसल्यासारखी.

अशा जागी राखून ठेवलेला पैसा काय करू शकतो, याचे उदाहरण घरातच आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात आज मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांवर पर्यटकांकडून जे शुल्क घेतले जाते, ते वन्यजीव कायद्याखाली उभ्या राहिलेल्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानमार्फत तिथल्याच संवर्धनावर आणि लगतच्या गावांवर खर्च होते. वाघ पाहायला आलेल्याचा पैसा वाघासोबत राहणाऱ्याकडे वळतो. पैसा जवळ राहिला की त्याला बारीक गरजा दिसतात, आणि मंत्रालयातल्या शीर्षाखाली न मावणाऱ्या अशा गरजाच बहुतेक वेळा जीव वाचवतात: वस्तीच्या टोकाचा सौरदिवा, सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून गॅस, घराजवळचे शौचालय, वाघ दिसला की गर्दी आवरणारे गावातल्या पोरांचे पथक, ज्याला इकडे सगळे पीआरटी म्हणतात. पण या व्यवस्थेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. माणूस आणि वाघ यांची गाठ सर्वांत जास्त पडते ती ताडोब्याच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागात, जिथे शेत, झुडपी जंगल आणि गाव एकमेकांत मिसळलेले आहेत. गडचिरोलीच्या वडसा विभागातही तेच. तिथे सफारीच्या जिप्सींची रांग नाही, म्हणून दाराचा पैसाही नाही. धोका एकीकडे आणि उत्पन्न दुसरीकडे, असे हे कोडे आहे.

पसंतीच्या क्रमांकांतही नेमके तेच होईल, जर ‘ज्या जिल्ह्यात जमले, त्याच जिल्ह्यात खर्च’ हा वरवर न्याय्य वाटणारा नियम लावला तर. लाखो रुपये देऊन आकडा घेणारे एटापल्लीत किती असणार? त्या नियमाने पुण्याच्या सिग्नलना नवे दिवे मिळतील आणि कोरचीच्या वाट्याला चार आणे येतील. म्हणून राज्यभरचे हे शुल्क एका निधीत यावे आणि अपघाती मृत्यू, वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांतले मृत्यू, रुग्णालयापर्यंतचे अंतर अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर त्याची विभागणी व्हावी. मुंबईकराच्या हौसेचा पैसा गडचिरोलीत का, असे कुणी विचारील. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ती वीज सगळे राज्य वापरते, राख आणि धूर मात्र दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वाट्याला येतो. कोळसा, लोखंड, बांबू, वाघ यांचा लाभ सगळ्या राज्याला होतो आणि जोखीम स्थानिकांकडे राहते. त्या जोखमीचा थोडा भार आकड्याच्या हौसेने उचलला तर तो उपकार ठरत नाही.

वित्त विभागातल्या जाणकारांचा आक्षेप याहून वजनदार आहे. प्रत्येक उत्पन्नाला स्वतंत्र हेतू बांधला तर अंदाजपत्रकाचे हात बांधले जातात आणि दुष्काळात, महापुरात गरज असेल तिथे पैसा वळवता येत नाही. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण महाराष्ट्रानेच १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसायकर लावला. शहरातल्या पगारदाराचा पैसा दुष्काळी गावातल्या खडी फोडणाऱ्या हातांना देण्याचा तो निर्णय राज्याच्या इतिहासातल्या मोठ्या निर्णयांपैकी एक आहे आणि त्यामुळे राज्य बुडाले नाही. त्याच अनुभवाने दुसरा धडाही दिला: पुढच्या काळात हमीच्या नावाने जमलेला पैसा आणि तिच्यावर झालेला खर्च यांत अंतर पडत गेले. जिल्हा खनिज प्रतिष्ठानची कथाही विचारात घ्यावी. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने खाणींकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात घेतलेली जादा रक्कम खाणग्रस्त जिल्ह्यांसाठी राखली गेली. त्यावेळी ठरलेल्या खर्चाच्या यादीत पाणी, आरोग्य, शिक्षण होते, रस्ते-पूलही होते, पण त्या रस्त्यावरून चालणाऱ्याच्या सुरक्षेला स्वतंत्र शीर्ष नव्हते. तेव्हा नुसते खाते वेगळे करून भागत नाही. खर्चाची बाब आणि मुदत नियमातच लिहावी लागते.

राहिला सर्वांत खरा आक्षेप. जीव वाचवणे हे सरकारचे पहिले कर्तव्य, ते कुणाच्या हौसेवर कसे सोडायचे? मंदीत गाड्या खपल्या नाहीत तर पीआरटीच्या पोरांचे मानधन थांबवायचे का? या भीतीला माझ्याकडे एकच उत्तर आहे: हा पैसा वरचा असला पाहिजे, मुळातला नव्हे. वन विभागाची, आरोग्याची, परिवहनाची आजची तरतूद एका रुपयाने कमी होणार नाही, अशी अट निधीच्या पहिल्या कलमात हवी. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला मिळणारे २५ लाख या निधीतून कधीच जाऊ नयेत. ती शासनाची देणी आहेत आणि शासनानेच द्यावीत. निधीने त्या मृत्यूच्या आधीच्या क्षणांवर खर्च करावा: तेंदूच्या हंगामात मजुरांच्या टोळीसोबत चालणारा माणूस, आष्टीच्या वाटेवरच्या वळणांवर दिवे, खनिजाच्या ट्रकांना शाळेच्या वेळी थांबवणारा कर्मचारी, दुर्गम भागात पावसाळ्यापुरती ठेवलेली जादा रुग्णवाहिका. या खर्चांचे उद्घाटन होत नाही, कोनशिलाही बसत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात ते शेवटी येतात आणि कात्री लागते तेव्हा आधी जातात.

हिशेब कुणी पाहायचा याचे उत्तर याच भागात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपणच विकला. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात, मजुरांचे पैसे स्वतः वाटतात, नोंदवह्या स्वतः ठेवतात. आपल्या हद्दीत कोणत्या पाणवठ्यावर वाघ येतो आणि रस्त्याच्या कोणत्या वळणावर माणसे जातात, हे त्या सभेला कुठल्याही सर्वेक्षणाआधी ठाऊक असते. निधीचा पैसा कुठे लावायचा हे तिने ठरवावे, आणि किती लागला ते वर्षातून एकदा तिच्यासमोरच वाचून दाखवावे.