मुक्या जनावराचें सुख व धन्याची परिस्थिति

दावणीस बरगड्या निघालेला बैल दिसला, कीं जाणारायेणारा चटकन म्हणतो, "याचा धनी निर्दय आहे." हा न्याय खरा आहे काय? जनावराचे हाल हें धन्याच्या अंतःकरणाचें माप होय काय? ह्या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

प्रथम आपल्या वऱ्हाडाकडेच पाहा. १८९९ सालीं पाऊस गेला, आणि पुढें माणसांबरोबर गुरेंही चाऱ्यावांचून मेलीं. ज्यांच्या दारांत तीं पडलीं ते सर्व निर्दय होते, असें कोण म्हणेल? आतां तंगी निराळ्या वाटेनें येते. पूर्वीं ज्वारीचा दाणा माणसास व कडबा बैलास मिळे. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा फार घटला, आणि सोयाबीनच्या कुटारास कडब्याची सर येत नाहीं. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत विहिरींचें पाणी खारें. जेथें घरच्या घागरीचीच पंचाईत, तेथें गाईपुढें गोडें पाणी कोठून ठेवावें? ई-क्लासची जमीन चराईची खरी, पण तिजवर कित्येक भूमिहीनांनीं पोटासाठीं नांगर घातला. एकाच्या लेंकरांची भाकर ती दुसऱ्याच्या शेळीचा चारा होती. येथें दोष कोणा एकाच्या पदरीं बांधणें सोपें नाहीं.

उलट, ज्याच्या घरीं ओलीत आहे व ढेपेचीं पोतीं रचलेलीं आहेत, त्याचा बैल तुकतुकीत असतो. तेवढ्यावरून तो धनी दयाळू ठरत नाहीं. ज्या दयेस कांहीं खर्चावें लागलें नाहीं, तिची परीक्षा अजून व्हावयाची आहे. आपल्या ताटांतील अर्धी भाकर गाईच्या तोंडीं देणारी विधवा अधिक दयाळू असेल, मग तिची गाय कितीही हाडकुळी असो.

तर मग गरिबास सर्व माफ आहे काय? नाहीं. खांदा सुजला असतां जूं न ठेवणें, भर दुपारीं बैल सोडून सावलींत बांधणें, बंडींत बेताचें ओझें भरणें, तुतारीची आर न टोचणें, ह्यांस पैसा लागत नाहीं. पण येथेंही एक गोष्ट विसरूं नये. पुष्कळदां बैल हांकणारा सालदार असतो, धनी नसतो. सायंकाळीं त्याला "किती वखरलें?" एवढेंच विचारतात, बैल थकला काय, किंवा तूं थकलास काय, हें कोणी विचारीत नाहीं. मालकाचा कठोर शब्द सालदाराच्या मनावर पडतो, आणि तोच तुतारी होऊन बैलाच्या पाठीवर उतरतो. विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेंत चाकर व बैल ह्या दोघांचीही गणना केली आहे, ती उगीच नव्हे. पोळ्याच्या दिवशीं दोघांचाही मान होतो. उरलेल्या दिवसांचें काय?

आणखी कांहीं गोष्टी अशा आहेत, कीं त्या एका घरास साधत नाहींत, पण गावास साधतात. २०२२ सालीं लंपी रोग आला, तेव्हां सरकारनें लस फुकट दिली, व मेलेल्या दुभत्या गाईबद्दल ३०,०००, बैलाबद्दल २५,००० आणि वासराबद्दल १६,००० रुपये भरपाई ठरविली. हें चांगलेंच झालें. तरी रोजमजुरीस जाणाऱ्या बाईनें लस टोंचणाराची वाट पाहत गोठ्यांत बसावें, तर तिची मजुरी बुडते. मग फुकटची लसही तिला फुकट पडत नाहीं. अशा वेळीं शेजाऱ्यानें तिच्या गाईचा दोर धरावा. गांवाच्या हौदांत गुरांसाठीं पाणी असावें. ज्याच्याकडे कुटार उरतें, त्यानें तें शेतांत न जाळतां मागणाऱ्यास द्यावें.

यास्तव, वाचकहो, रोडका बैल दिसला तर धन्यास नांवें ठेवण्यापूर्वीं त्याची चूल पेटली काय, हें पाहावें. आणि आपल्याच दावणीकडे पाहतांना मात्र गरिबीची सबब पुढें करण्यापूर्वीं, बिनपैशाची दया आपण केली काय, हें स्वतःस विचारावें. दुसऱ्याचा न्याय करतांना त्याची परिस्थिति मोजावी. आपला न्याय करतांना आपलें अंतःकरण मोजावें.