रूप पालटणाऱ्यांची वंशावळ

पोकेमॉनच्या जगात डिट्टो नावाचा एक जांभळट, लिबलिबीत जीव आहे. समोर जो येईल त्याचं रूप तो घेतो. एका गोष्टीतल्या डिट्टोला मात्र चेहरा बदलणं जमत नाही. अंग दुसऱ्याचं होतं, पण डोळ्यांचे दोन ठिपके आणि तोंडाची रेघ त्याचीच उरते. 1970 मध्ये फ्रान्समधल्या एका चित्रपुस्तकातून आलेला बार्बापापा गरज पडेल ती वस्तू होतो आणि पुन्हा आपला गुलाबी गोळा होऊन बसतो. मुलं हे पाहताना दचकत नाहीत. जणू हे कूळ त्यांच्या आधीपासूनच ओळखीचं असतं.

सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइनने 1940 च्या दशकात डिझ्नीवर टिपणं लिहिली, तेव्हा त्यालाही या कुळाच्या मूळपुरुषाची ओढ लागली होती. जीवसृष्टीचा आरंभीचा, अजून आकारात न गोठलेला कण त्याला या लवचीक देहांमध्ये दिसला. माणूस आगीकडे का टक लावून बघत राहतो, हा प्रश्नही त्याने त्यातच गोवला. साच्यात जखडलेल्या माणसाला हे देह क्षणभर मोकळं करतात, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं, पण अर्धंच. मोकळेपणाची ओढ त्याने अचूक पकडली. रूप बदलल्यावर मागे काय उरतं, याकडे मात्र तो वळत नाही. माझ्या लेखी या कुळाची खूण तीच आहे, आणि ती मला खानदेशात सापडते.

कागदावाचून कुळी मांडायला मन कचरतं, हे खरं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले; त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्याच शहरात आहे, आणि त्या परंपरेत पुराव्याशिवाय पिढी जोडता येत नाही. डिट्टो काढणाऱ्या जपानी चित्रकारांनी अजिंठा पाहिला होता, असा माझा दावा नाही. ही वंशावळ रक्ताची नाही, कल्पनेची आहे.

जळगावहून साठेक किलोमीटरवर वाघूर नदी डोंगराला घोड्याच्या नालासारखं वळण घालते. तिच्याच पाण्यावरच्या धरणातून जळगाव शहर पाणी पितं. त्या वळणावरची अजिंठ्याची लेणी आज शेजारच्या जिल्ह्यात मोडतात. पण सतरावं लेणं वाकाटक सम्राट हरिषेणाच्या ज्या मांडलिकाने कोरवलं, त्याचा ऋषीक देश म्हणजे खानदेश, असं वा. वि. मिराशी मानत.

पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि त्यांना मिळून डोकं एकच. एका हरणावर नजर ठेवली की ते डोकं त्याचं होतं. नजर सरकली की ते दुसऱ्याचं होतं आणि पहिलं हरण शिरावाचून राहतं. दगड हलत नाही, तरी हरण मान वळवतं. पडद्यावर चित्रं भराभर पळवून जे साधतात, ते इथे बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलंय. चलच्चित्राचं याहून जुनं बीज मला माहीत नाही.

छद्दंत जातकाचं चित्र दहाव्या लेण्यात आहे आणि पाच-सहाशे वर्षांनी सतराव्यात पुन्हा काढलेलं आहे. सहा सुळ्यांचा हत्ती म्हणजे बोधिसत्त्व. त्याच्यावर रुसून मेलेली हत्तीण पुढच्या जन्मी राणी होते. देह पार बदलला, पण राग तोच राहिला. ती शिकाऱ्याला सुळे आणायला धाडते आणि हत्ती ते आपणहून देतो. सुळे समोर येताच राणीला पूर्वीचा सहवास आठवतो आणि ती दुःखाने कोसळते. इथे सोंड जाऊन हात येतात. आठवण मात्र जशीच्या तशी पार होते. आयझेन्स्टाइनच्या त्या आदिम कणाला आठवण नाही. छद्दंताच्या राणीला आहे, म्हणून तिची गोष्ट काळजाला लागते.

सतराव्याच लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे. फुटलेल्या गलबतातून बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांपुढे राक्षसिणी सुंदर स्त्रिया होऊन उभ्या राहतात. त्यांची भूक तीच असते. ती लपवायला रूप घेतलेलं असतं. चित्रकाराने एकाच भिंतीवर मोहक बायकाही काढल्या आणि सुळे विचकलेल्या रक्तपिपासूही. हीही या कुळातलीच, फसवणारी शाखा. ती वंशावळीतून गाळायला मी तयार नाही.

मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. त्याच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत सोन्याचा दाखला येतो: दागिना घडतो, पण सोनेपण तसूभरही कमी होत नाही. सराफ्यासाठी नावाजलेल्या जळगावात हे कुणाला समजावून सांगायला नको. राणीच्या रागाची आणि राक्षसिणींच्या भुकेची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. तिथेही जे टिकतं ते सोन्याइतकंच चिवट आहे.

शेवटी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951). त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी 1952 मध्ये पुस्तकात आली. मनावरच्या त्यांच्या कवितेत मन उभ्या पिकात शिरलेलं ढोर होतं, पाखरू होतं, विंचू-सापापेक्षा जहरी होतं, खसखशीच्या दाण्याएवढं होतं आणि मग आभाळातही मावत नाही. कडव्यामागून कडव्यात रूप बदलतं, आणि प्रत्येक कडव्यात ते मनच राहतं. अजिंठ्याच्या चित्रकारांना भिंत लागली, डिझ्नीला हजारो चित्रं लागली. बहिणाबाईंनी हे जात्यावर आणि शेतात उभं केलं. आणि कवितेच्या शेवटी त्या थेट देवालाच विचारतात, की हे असलं मन म्हणजे तुला जागेपणी पडलेलं स्वप्न आहे का. डिट्टोपासून छद्दंतापर्यंत या कुळातल्या कुणीही आपल्या घडवणाऱ्याला असा जाब विचारलेला नाही.