थैलीत न मावणारं दान

रविवारच्या उपासनेत दानाची थैली रांगेतून पुढे सरकते, तेव्हा मला हटकून बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिरात वाहिलेल्या त्या दोन टोल्या, ती दोन क्षुल्लक नाणी, आठवतात. पैशाचं दान मोजता येतं. दशांश किती होतो, ते पगार हाती आला की कळतं. वेळेचा दशांश कसा काढायचा? पैसा खर्चून उरलेला देता येतो. वेळ उरतच नाही. “निवृत्त झालो की प्रभूचं काम करीन,” असं मीही अनेक वर्षं म्हणत होतो.

‘जीवन प्रभूला वाहिलं’ हे शब्द आमच्या साक्षींमध्ये इतके येतात, की एखाद्या दिवशी घडून संपलेली ती गोष्ट वाटावी. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहिलं की ही समजूत टिकत नाही. वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की तेव्हा धर्म हाती आला होता. ख्रिस्त भेटला तो पुढे काही वर्षांनी. बाप्तिस्म्यानंतरही आपण पूर्णपणे त्याच्या हाती गेलो नव्हतो, असं चारचौघांत कबूल करायला केवढी सचोटी लागते!

आणि हाती गेल्यावर काय झालं? आखलेलं मोडलं. १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होतं. त्याला उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला जमीन घेतली होती. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली घेऊन आल्या. शाळेचा नीट मांडलेला संसार बाजूला राहिला. त्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं, ते दारात आलेल्या गरजेने.

दारात आलेली गरज हीच हाक असते, हे मला फार उशिरा उमगलं. आई अंथरुणाला खिळली होती, ती दोन वर्षं. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, रात्री तीनदा उठणं. उपासना चुकायची, बायबल उघडायला सवड नसायची. देवासाठी राखलेला वेळ आईचा आजार खातो आहे, असं मनात यायचं आणि त्या विचाराची लाजही वाटायची. एकदा पाळकसाहेब घरी आले. मी गाऱ्हाणं सांगत होतो. ते उठले, आईला बसती करायला त्यांनी मला हात दिला आणि मग म्हणाले, “तुम्ही कुणाला भरवताय असं तुम्हाला वाटतं?” त्यानंतर काम तेवढंच राहिलं, झोपही तेवढीच अपुरी. तास मात्र माझे आहेत आणि कुणी चोरतं आहे, ही तक्रार हळूहळू थांबली.

समर्पणाला कुणी निमूट हार मानणं म्हणतात, ते मला पटत नाही. गेथशेमानेच्या बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली होती. ती विनवणी खरी होती. पित्याच्या इच्छेला दिलेला होकार तिच्यानंतर आला, रक्तासारखा घाम गाळून. मनातली इच्छा मारून टाकलेल्या माणसाकडे वाहायला काय उरतं?

रमाबाईंचं सर्वांत मोठं दान मला वाटतं ते बायबलच्या भाषांतराचं. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायाबापड्यांना कळत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर करायला बसल्या. कानांनी कमी ऐकू येत असे. शेकडो मुलींचा पसारा सांभाळत हे काम दीड तप चाललं. सदनातल्या स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवत. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आज मराठी मंडळ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. रमाबाईंचं फारसं कुणाच्या हाती दिसत नाही. मग ती अठरा वर्षं वाया गेली का, हा प्रश्न मी पुष्कळदा घोळवला आहे. भांडारात टाकलेल्या टोल्यांचं पुढे काय झालं, हे त्या विधवेने मंदिराच्या दारात थांबून विचारलं नव्हतं. केडगावच्या छापखान्यात, काही वर्षांपूर्वी उपाशी पोटी आलेली एखादी मुलगी एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असेल. आणि ती जुळवता जुळवता, आपल्याच बोलीतलं ते वाक्य, तिला वाचता येत असेल.