पाणवठ्याचा ठराव

महाराष्ट्र विधानमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांची एक ठरलेली भाषा आहे. आमदार विचारतो, अमुक गावच्या नळ योजनेचे काम बंद पडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? मंत्र्यांचे उत्तर येते: हे खरे आहे. किंवा, हे खरे नाही. किंवा, अंशतः खरे आहे. आणि शेवटी पुष्कळदा, प्रश्न उद्भवत नाही. अधिवेशन संपते, कागद ग्रंथालयात जातात. त्या गावातल्या बाईला आपल्या विहिरीचे नाव मुंबईत किंवा नागपुरात उच्चारले गेले, याचा पत्ताही नसतो.

मागच्या बाकावरच्या सभासदाचे आयुष्य अशा कामात जाते. तारांकित प्रश्न टाकायचा, लक्षवेधी लागेल याची वाट पाहायची, औचित्याच्या मुद्द्यावर दोन मिनिटे मिळवायची. लोकसभेत असेल तर नियम ३७७ खाली चार ओळी वाचायच्या. सभागृह बहुधा अर्धे रिकामे, मंत्री दुसऱ्या सदनात. या माणसाच्या हातात खाते नाही, तिजोरी नाही, बहुमत तर नाहीच. आहे तो फक्त शब्द. मग तो नेमके काय करतो? सत्तेशिवाय उच्चारलेला शब्द ही कृती मानायची की नाही? आणि सबंध राज्याच्या हितासाठी भरलेल्या सभेत एका पाणवठ्याबद्दल बोलणे हा मोठा धर्म की धाकटा? हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत. पण त्यांची उत्तरे शोधायला रायगड जिल्ह्यातल्या महाडला जावे लागते, आणि त्याआधी १९२३ सालच्या मुंबई कायदेमंडळात.

सीताराम केशव बोले त्या कायदेमंडळाचे सभासद होते. भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरलेले, रावबहादूर पदवी मिळालेले पण दिवाणपदापासून दूर राहिलेले. मराठी वाचकाला ते बहुधा एकाच प्रसंगापुरते आठवतात. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराचे अध्यक्ष बोले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले ते त्याच सभेत. केळुसकरांचे पुस्तक लोकांच्या लक्षात राहिले. अध्यक्षांनी पुढे सोळा वर्षांनी काय केले ते फारसे राहिले नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव कायदेमंडळाने संमत केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले, सरकारने अथवा कायद्याने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. शिफारसच, कायदा नव्हे. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना तसे परिपत्रक धाडले.

या ठरावाची मांडणी नीट पाहिली पाहिजे, कारण सगळा विचार तिच्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ते धैर्य अपार होते, पण हौद त्यांचा स्वतःचा होता. मन त्यांचे, पाणीही त्यांचे. बोल्यांपुढे दुसरीच अडचण होती. ज्यांची मने पालटलेली नाहीत, त्यांच्या गावातल्या विहिरीचे काय? विटाळ ही धर्माची बाब आहे, तीत कायदेमंडळाने बोलू नये, हा युक्तिवाद त्या काळी घराघरात होता. बोल्यांनी विटाळ खरा की खोटा या वादात ठराव अडकू दिला नाही. त्यांनी पैसा कोणाचा एवढेच विचारले. विहीर सगळ्यांच्या करातून बांधली असेल तर तिच्यावर एकाचीच शिवाशिव कशी चालेल? हृदयपरिवर्तनाची वाट पाहायला जन्म पुरत नाहीत, आणि तहान तर दिवसातून चारदा लागते. मनातल्या धर्माला हात न लावता काठावरचा हक्क मोकळा करता येतो, हे एका साध्या सभासदाने ठरावाच्या रूक्ष भाषेत सांगून टाकले. धर्मसुधारणेच्या इतिहासात याला जितका मान मिळायला हवा तितका मिळालेला नाही.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये हाच धागा धरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी माणसे त्या गावात होती. ठराव झाला, कागदावर राहिला. बाजाराला, कोर्टकचेरीच्या कामाला आसपासच्या खेड्यांतून महाडला येणारा महार माणूस तळ्याच्या कडेने तहानलेला जात-येत राहिला. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी घेत होते, गुरेही पीत होती.

इथे थांबलो तर बोल्यांचा शब्द वाया गेला असे म्हणावे लागेल, आणि पुष्कळजण तसे म्हणतातही. सभागृहात बोलून काय होते, हा आजचाही आवडता उद्गार आहे. पण शब्द वाया गेला की पेरला गेला, हे त्याच हंगामात कळत नाही. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या माणसांपाशी शस्त्र नव्हते. कायदेमंडळाचा एक ठराव होता आणि नगरपालिकेचा एक. आपण बंड करत नाही, सभेने मान्य केलेले अंमलात आणतो आहोत, असे ती माणसे म्हणू शकली ती त्या दोन कागदांच्या बळावर. बोल्यांनी त्यांना पाणी दिले नाही, देऊ शकतही नव्हते. उभे राहायला जमीन दिली. चालत मात्र तीच गेली, आणि त्याच दुपारी मारही त्यांनीच खाल्ला, कारण हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली.

नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे होत होती त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आला. मग दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. सनातन म्हणून जे मिरवले जात होते, त्याचा पुरावा मागताच ते कोर्टात टिकले नाही. धर्माच्या नावाने होणाऱ्या किती दाव्यांना हाच एक प्रश्न पुरे पडेल!

आता दुसरा प्रश्न. मोठ्या सभेत लहान गोष्ट बोलावी का? १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांसमोर एडमंड बर्कने स्पष्ट सांगितले की संसद ही निरनिराळ्या गावांच्या वकिलांची बैठक नाही, एका राष्ट्राची सभा आहे. निवडून आलेला माणूस ब्रिस्टलचा उरत नाही, संसदेचा होतो. बर्क त्या मतावर ठाम राहिला आणि पुढच्या निवडणुकीत ब्रिस्टल गमावून बसला. आपल्याकडे त्याहून बोचरा इशारा खुद्द बाबासाहेबांनी दिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी बोलताना त्यांनी त्याला स्थानिक संकुचितपणाचे डबके म्हटले. गावाचा गोडवा गाणाऱ्या सभासदांना ते लागले, आणि लागायलाच हवे होते.

मग एकाच तळ्यासाठी दहा वर्षे भांडणारा माणूस आणि स्थानिकपणाला डबके म्हणणारा माणूस एकच कसा? विसंगती वाटते, ती नाही. ‘हे तळे आमचे, इतरांचे नव्हे’ हा एक स्थानिकपणा. ‘या तळ्यावर जे खरे ठरेल ते प्रत्येक तळ्यावर खरे’ हा दुसरा. पहिला माणसाला कुंपणात घालतो. दुसऱ्याशिवाय समता हा शब्द कुठे वापरूनच पाहता येत नाही, कारण समता सबंध देशात एकदम पाणी पीत नाही; ती अमुक गावच्या अमुक काठावर, अमुक वारी पिते. कोकणातल्या खोतीचे तेच झाले. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी विरोधी बाकांवरून ती नष्ट करणारे अशासकीय विधेयक मांडले. ते तेव्हा बासनात गेले, आणि खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडले. खोती चार-दोन जिल्ह्यांपुरती होती, पण राबणाऱ्याच्या जमिनीवर हक्क कोणाचा, हा त्यातला प्रश्न साऱ्या देशाचा होता.

ही गोष्ट मराठी मनाला पूर्वीपासून ठाऊक आहे. काशीची कावड घेऊन रामेश्वराला निघालेल्या एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ते पाणी घातले, ही कथा आजी नातवंडांना सांगते. ऐकणाऱ्या मुलाला रामेश्वराचा अभिषेक राहिला याची हळहळ वाटत नाही.

तरीही बर्कचा आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि शेतकरी कामगार पक्षातर्फे अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये हरलेही. दोनदा अल्पकाळ मंत्रीपद सोडले तर सारी हयात विरोधी बाकांवर, प्रवास बहुतेक एसटीने. माणदेशातल्या त्या कोरड्या तालुक्यासाठी ते बोलले ते मुख्यतः पाण्यावर: कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू, म्हैसाळ योजनांवर, दुष्काळावर, रोजगार हमीवर. पण वरच्या तालुक्याचे पाणी खालच्या तालुक्याला मागताना कोणाच्या तरी ताटातला घास मोजला जातोच. २०२१ मध्ये उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्हा रस्त्यावर आला आणि आदेश रद्द झाला. इंदापूरचा शेतकरी खोटा नव्हता, सोलापूरचाही नव्हता. अशा वेळी आपल्या तालुक्याचा आवाज मोठा करणे पुरत नाही. आपण मागतो ते शेजारच्या तालुक्याने त्याच शब्दांत मागितले तर आपल्याला मान्य होईल का, हे सभासदाने भाषणापूर्वी स्वतःला विचारावे लागते. अवर्षणग्रस्त तेरा तालुक्यांच्या पाणी चळवळीत नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतराव उभे राहिले ते म्हणूनच महत्त्वाचे: तिथे सांगोला एकट्यासाठी बोलत नव्हता.

बोल्यांचा ठराव या कसोटीवर पूर्ण उतरतो. त्यात एकाही गावाचे नाव नव्हते आणि तो प्रत्येक गावाचा होता. पण एकदा बोलून मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. परिपत्रक निघून तीन वर्षे होत आली, महाडसारख्या नगरपालिकांचे ठराव दप्तरात पडून राहिले, आणि चवदार तळ्याकडे मिरवणूक निघायला अजून सात महिने होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते कायदेमंडळात पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी मागितले की ज्या स्थानिक संस्था आधीचा ठराव पाळत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. विषय तोच होता, विहिरी, तळी आणि धर्मशाळा.